हृदयाचे रुग्ण, मेंदूचा झटका आणि जिभेखालची गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. नांदेड, संभाजीनगर, नाहीतर थेट पुण्याहून अँजिओप्लास्टी करून आलेल्यांच्या फायली रोज काउंटरवर उघडतात. रिपोर्टात कुठेतरी ‘कॅल्सिफाइड’, म्हणजे रक्तवाहिनीत कॅल्शियम साचलेले, असे लिहिलेले असते. मग घरात दूध बंद होते आणि हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या माझ्याकडे परत येतात. “बापूच्या नसांत चुना साचलाय म्हनले, अन् ह्या कशाला?”

तो चुना दुधातून आलेला नसतो. रक्तदाब, साखर, तंबाखू-बिडी आणि कोलेस्टेरॉल यांनी रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर धरतो, सुजतो आणि वर्षानुवर्षांनी त्यात कॅल्शियम जमते. मूत्रपिंडे कमजोर असली तर आणखी लवकर. बोअरच्या पाण्याने पाइपात क्षार धरतात तसेच हे, असे लोक समजतात. पण हा थर भिंतीतच मुरलेला असतो, खरवडून निघत नाही. ‘नसा मोकळ्या करणाऱ्या’ बाटल्या आठवडी बाजारात तरीही खपतात.

खरा मुद्दा पुढचा आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत जे झाले, ते बहुतेक वेळा मानेतल्या, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतही कमीअधिक झालेले असते. साध्या सीटी स्कॅनवर हृदयातले कॅल्शियम मोजून आकडा देण्याची पद्धत १९९० पासून आहे. शून्य उत्तम, ४०० च्या वर म्हणजे बरेच. जर्मनीत हृदयविकार नसलेल्या चार हजारांहून अधिक लोकांवर सुमारे आठ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा ज्यांचा आकडा मोठा त्यांना पक्षाघातही, म्हणजे मेंदूचा झटकाही, जास्त झाल्याचे दिसले. स्टेंट एका जागेचा अडथळा काढतो, बाकीच्या रक्तवाहिन्या जुन्याच राहतात. आपल्याकडे मात्र “स्टेंट टाकला, आता काय?” म्हणत तिसऱ्या महिन्यापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी अर्धीच पट्टी नेतात. कोलेस्टेरॉलची गोळी तर त्याआधीच सुटते.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी एक मुलगा धावत आला. वडिलांचे तोंड वाकडे झाले होते, उजवा हात उचलत नव्हता, बोलणे अडखळत होते. त्याला हवी होती सॉर्बिट्रेट, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी. घरची एक जिभेखाली देऊन झाली होती. कांद्याचा रसही पाजला होता, कारण शेजारी म्हणाले ऊन लागले असेल. छातीत दुखले तर काय करायचे ते दवाखान्याने पाठ करून घेतले होते, पक्षाघाताविषयी मात्र कुणी अक्षर काढले नव्हते. सॉर्बिट्रेटने रक्तदाब उतरतो आणि आधीच उपाशी असलेल्या मेंदूला रक्त आणखी कमी मिळते. अ‍ॅस्पिरिनही तेव्हा आपल्या मनाने द्यायची नसते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे सीटीशिवाय कळत नाही. गिळता येत नसेल तर पाजलेला रस फुफ्फुसात जातो. मी त्याला १०८ लावून दिला.

गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि हे तास त्रास सुरू झाल्यापासून मोजतात, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. झोपेतून उठल्यावरच लक्षण दिसले तर आदल्या रात्री माणूस शेवटचा धड कधी होता, ते डॉक्टर विचारतात. वाड्या-तांड्यांवरून निघणाऱ्याचा निम्मा वेळ रस्त्यातच जातो. त्यात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून आधी झाडपाल्यावाल्याकडे नेले, तर संपलेच.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. हृदयाच्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे: तोंड वाकडे, हातपाय लुळा, बोबडी वळणे यांपैकी काहीही अचानक झाले तर तोंडाने काही न देता लगेच निघा. याला ना निधी लागतो ना शासन निर्णय. दुसरी गोष्ट आपल्या हातची आहे. मराठवाड्यात रात्री-अपरात्री सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही नक्की कुठे मिळते, याची तालुकावार यादी आपल्या वार्ताहरांनी फिरून, खात्री करून छापावी. कात्रण मी दुकानाच्या काचेवर लावीन.

आपला,
एक औषध विक्रेता, जि. परभणी