आधी ती निळी पिशवी काढा

आई, बाबा,

फोनवर आईच्या खुब्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्याचा विषय काढला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि आई लगेच "तू जेवलीस का" वर येते, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, अक्षरं मोठी करून वाचा आणि आईला वाचून दाखवताना मधलं गाळू नका, मी विचारणार आहे.

दिवाळीत आई पोळ्या लाटत होती ते मी बघत होते. कंबर ओट्याला टेकवलेली, सगळा भार उजव्या पायावर, आणि तुपाचं भांडं घ्यायला वळली तर डाव्या खुब्यातून कट्ट असा आवाज आला. मी ऐकला, तिनेही ऐकला, आणि वर मलाच म्हणते वय झालं गं आता. अगं उजवा पाय पण तेवढ्याच वयाचा आहे ना? सांधा बदलायचं ऑपरेशन २००९ चं, नंतर सात-आठ वर्षं तू छान सज्जनगडाच्या पायऱ्या चढत होतीस, मग हे जांघेतलं दुखणं हळूहळू कुठून आलं हे कुणी नीट बघितलेलंच नाहीये.

तर मी काय वाचलं ते सांगते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा सांधा होता, गोळा पण धातूचा आणि वाटी पण धातूची. घासून घासून कोबाल्ट-क्रोमियमचे बारीक कण सुटायचे, आजूबाजूचं मांस खराब व्हायचं, रक्तात पण उतरायचे. पाच वर्षांत साधारण १२-१३ टक्के लोकांना परत ऑपरेशन लागतंय असे आकडे आले आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून माल परत मागवला. ऑस्ट्रेलियात तर २००९ लाच बंद झाला होता. आपल्याकडे आयातीचं लायसन्स रद्द झालं २०१२ ला, आणि अलर्ट निघायला २०१३ संपत आलं. अमेरिकेत त्याच वर्षी साधारण ८,००० पेशंटसाठी अडीच अब्ज डॉलरचं सेटलमेंट झालं. आपल्याकडे सरकारची समितीच २०१७ ला बसली.

आई, तुझा सांधा तोच आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. कुठल्या कंपनीचा आहे हेच आपल्याला माहीत नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. भारतात त्या एएसआरची ४,७०० च्या आसपास ऑपरेशनं झाली आणि त्यातल्या साधारण ३,६०० लोकांचा पत्ताच लागला नाही. शरीरात काय बसवलंय ते त्या लोकांना कुणी सांगितलंच नसेल, आपल्यासारखंच. नंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३० लाख ते १ कोटी २३ लाख अशी भरपाई ठरवली, कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, २०१९ ला म्हणाली की परत ऑपरेशन झालेल्यांना २५ लाख देतो. पण हे सगळं कुणासाठी, तर ज्याच्याकडे तोच सांधा असल्याचा कागद आहे त्याच्यासाठी.

म्हणून ती निळी रेक्झिनची पिशवी काढा. एलआयसीच्या कागदांखाली, गोदरेजच्या खालच्या कप्प्यात. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट आणि फार्मसीचं बिल बघा, त्यावर कुठेतरी बारकोडचं छोटं स्टिकर असेल, कंपनीचं नाव, रेफ नंबर (म्हणजे मॉडेलचा), लॉट नंबर असं. इम्प्लांटच्या डब्यातच ती स्टिकरं येतात आणि चिकटवतात. नाहीच मिळालं तर बाबांनी हॉस्पिटलला लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, रेकॉर्ड असेल तर ७२ तासांत द्यावं लागतं. पण सांभाळायचं बंधन तीनच वर्षांचं असतं, त्यामुळे फार आशा नको, पिशवीच खरी.

आता सांधा खराब निघाला तर तक्रार करायची म्हटलं की बाबांचं ठरलेलं वाक्य, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. बाबा, ही ती पायरी नाहीये. जिल्हा ग्राहक आयोग आपल्या साताऱ्यातच आहे, नव्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, पुण्याला खेपा नाहीत. तक्रार ऑनलाइन भरता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही (मी लावणार आहे, तुम्ही मधे पडू नका), आणि आपण भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी पण नाही. बिल पावणेतीन लाख होतं असं तुम्हीच दर दिवाळीत सांगता. तसाच सांधा बसवलेले अजून लोक सापडले तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांची मिळून एकच तक्रार पण करता येते. अडचण मुदतीची आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. उशिराचं कारण पटलं तर आयोग माफ करू शकतो पण करेलच असं नाही, वकिलाला मी पहिलं हेच विचारणार आहे. म्हणून आता "बघू पुढच्या महिन्यात" चालणार नाही.

आणि डॉक्टर देवमाणूस आहेत, त्यांच्यावर केस कशी करायची, हे आई मनात म्हणत असणार. अगं त्यांनी हात नीट चालवला असेल आणि वस्तूच खराब असेल तर भांडण वस्तू बनवणाऱ्याशी आहे. त्यांना उलट जाऊन भेटू, त्यांना कंपनीचं नाव आठवत पण असेल.

पण केसच्या आधी तपासणी. एक्स-रे, आणि सांधा धातूवर धातू निघाला तर रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम, ही टेस्ट साध्या लॅबमध्ये होत नाही, मी पुण्यात चौकशी केलीये. सगळं ठीक निघालं तर मी गप्प बसेन, दोन दिवस तरी. आणि परत ऑपरेशन करायचंच ठरलं तर काढलेला सांधा आपल्याला द्या असं आधीच लिहून द्यायचं, कुणी कंपनीचा माणूस "तपासायला नेतो" म्हणाला तरी द्यायचा नाही, तोच आपला पुरावा.

मी शुक्रवारी रात्रीच्या बसने निघतेय, शनिवारी सकाळी पोचेन. तोपर्यंत स्टिकर दिसलं तर फोटो टाका, हात न हलवता, मागच्या वेळी नुसता बाबांचा अंगठा आला होता. आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्मा कपाटाच्या मागे आहेत, आई, तू वाकू नकोस, बाबांना काढू देत.

तुमची,
मनू