रात्री दहाची मिस्सा

साउथ बेंड, अमेरिका, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,

आत्ताच खालच्या चॅपेलमधून वर आले. आई, हसू नकोस, पण आमच्या वसतिगृहातली रविवारची मिस्सा, चर्चमधली ती सामूहिक उपासना, रात्री दहाला असते आणि मुली झोपायच्या कपड्यांत, पायांत लोकरी मोजे चढवून येतात. रविवारी सकाळी उठत नाही म्हणून बाबा माझ्यावर किती वर्षं चिडले! इथं आल्यापासून एकही रविवार चुकलेला नाही. बाबा, एवढ्यात खूश होऊ नका, पुढचं वाचा.

आमच्या नोत्र दाम विद्यापीठाच्या प्रत्येक वसतिगृहात असं चॅपेल आहे. मुलामुलींची वसतिगृहं वेगळी. वॉर्डन नसते, रेक्टर असते आणि ती मुलींमध्येच राहते. मी तिची सहाय्यक, म्हणून पीएच.डी. करताना माझा राहण्या-जेवणाचा खर्च सुटतो. एका मुलीचं दार दोन दिवस बंद दिसलं, तर रेक्टर सूप घेऊन तिच्या दाराशी उभी. फ्रान्सहून आलेल्या फादर सोरीननी १८४२ मध्ये हे विद्यापीठ काढलं. त्यांच्या होली क्रॉस या धर्मसंघाचे संस्थापक फादर मोरो सांगत, बुद्धी वाढवताना काळजाकडे दुर्लक्ष नको. ते वाक्य इथं सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र ते सूपच्या वाटीत दिसलं.

सगळंच गोड नाही. पाहुण्या मुलांनी मधल्या वारी रात्री बारापर्यंत आणि शुक्रवार-शनिवारी दोनपर्यंत बाहेर पडायचं, हा नियम मोडला की मुलींशी वाद घालायला मीच जायचं. त्या चिडतात आणि कधी कधी मला त्यांचं पटतंही. शिवाय ७७ हजारांवर लोक बसतील एवढं फुटबॉलचं स्टेडियम आणि गरिबीचं व्रत घेतलेले फादर एकाच आवारात पाहिले की मला अजून गंमत वाटते.

बाबा, खरं सांगायचंय ते वर्गाबद्दल. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, तो हिंदू असो, मुसलमान असो की काहीच न मानणारा, ईश्वरविद्येचे दोन विषय घ्यावेच लागतात. मला वाटलं होतं, आपल्याकडच्या धर्मशिक्षणाच्या वर्गासारखं असणार. आठवतं ना, नववीत मी एक प्रश्न विचारला आणि मला उभं केलं होतं? आमच्या मजल्यावरच्या मुलीने ईश्वर नाहीच, असं मांडणारा निबंध लिहिला आणि तो नीट युक्तिवाद केल्याबद्दल वाखाणला गेला. इथं ३५ वर्षं अध्यक्ष असलेले फादर हेसबर्ग १९६७ मध्येच इतर कॅथलिक विद्यापीठांच्या लोकांसोबत म्हणाले होते, की विद्यापीठाला बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून, धर्मगुरूंच्याही, स्वातंत्र्य हवं. त्यावरून कॅथलिकांत अजून भांडणं चालतात. नववीतली ती मुलगी तेव्हा घरी येऊन रडली होती, म्हणून मी फादर हेसबर्गच्या बाजूने.

मी मदतनीस आहे त्या भूजलाच्या वर्गात आमच्या सरांनी गणितं बाजूला ठेवून पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या परिपत्रकातला उतारा वाचायला दिला. सुरक्षित पिण्याचं पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं त्यात म्हटलंय. एक मुलगा म्हणाला, हक्क ठीक आहे, पण विहीर ज्याच्या जमिनीत त्याचं पाणी. मला राहवलं नाही. मी वसई सांगितली. बावखलं म्हणजे आपली गोड्या पाण्याची तळी, केळीच्या बागा, विहिरी उपसून भरलेले टँकर, फादर दिब्रिटो आणि हरित वसई चळवळीचे मोर्चे. तो मुलगा तास संपल्यावर येऊन विचारत होता, तुमच्या विहिरीचं पाणी आता गोडं आहे का?

मला सांगता आलं नाही. बाबा, विहिरीचं पाणी हल्ली कसं लागतं ते कळवा. आणि कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये मोर्चाचा फोटो आहे, तुम्ही आणि आत्या पुढे आहात तो. मोबाइलवर काढून गुरुवारच्या आत पाठवा, वर्गात दाखवायचाय.

आई, उपवासकाळात शुक्रवारी इथंही मटण-चिकन बंद. मासे मिळतात, पण तळलेले आणि अगदीच बेचव. तुझ्या मसाल्याची पुडी कुणी येणार असेल तर दे.

तुमची,
बाळी