ब्राम्सला सापडलेली वाद्यं

लंडन

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

काल विग्मोर हॉलमध्ये शुमान आणि ब्राम्स या जर्मन संगीतकारांची पियानो क्विंटेट, म्हणजे पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना, ऐकली. आज दिवसभर तुझी आठवण येतेय. १९०१ साली सुरू झालेला हा हॉल, साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या. माइक नाही, स्पीकर नाही. तू उरसाला मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाणं ऐकायला मुद्दाम पुढे सरकून बसतोस ना, तसं इथे करावंच लागत नाही. सूर उचलण्याआधी पहिल्या व्हायोलिनवाल्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि त्या श्वासावर बाकीचे चौघे एकदम सुरू होतात.

शुमानची रचना १८४२ ची, बायकोला, पियानोवादक क्लाराला अर्पण केलेली. सुंदरच झाली. पण मला सांगायचंय ते ब्राम्सबद्दल.

हे संगीत त्याने आधी फक्त तंतुवाद्यांसाठी लिहिलं होतं, दोन चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खर्जाचं वाद्य) घेऊन. योआखिम या मोठ्या व्हायोलिनवादकाला ते पटेना. मग ब्राम्सने तेच दोन पियानोंसाठी बसवलं, तर क्लाराचं समाधान होईना. अखेर १८६४ मध्ये एक पियानो आणि चार तंतुवाद्यं, असं ते उभं राहिलं. पहिला खर्डा त्याने नष्ट केला. काल ऐकताना वाटलं, दोघांचंही खरंच होतं. या संगीताला पियानोचा आघातही हवा आणि गजाने लांबवलेला सूरही.

तिसरा भाग ऐक. चेलोवादक गज न लावता बोटाने सर्वांत खालची तार छेडत राहतो. एकच सूर, त्या भागाचा षड्ज. त्यावर व्हायोलिन आणि व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं जरा मोठं भावंड, ठोका चुकवत वर चढतात, मध्येच पाचही वाद्यं गर्जून उठतात. आणि शेवट! कोमल रिषभावरून षड्जावर, पुन्हा पुन्हा, आदळत. भैरवातला आंदोलित रिषभ नव्हे हा, ठोकून बसवलेला. अंगावर काटा आला रे.

दोन पियानोंची आवृत्ती अजूनही वाजवतात. दोन्ही रेकॉर्डिंग पाठवतोय. आधी पियानोंचं ऐक, मग क्विंटेट. दुसरा, संथ भाग नुसत्या पियानोंवर तगतो का, ते कळव. मला तरी नाही वाटत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय