बारक्याच्या नावावर वाटा लिहा

तळोजा, १९ मे

ती. आई व बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई 'जेवलीस का' विचारते. म्हणून लिहायला बसले.

बारक्याचं खेडजवळच्या एमआयडीसीतलं कंत्राट या महिनाअखेर संपतंय. त्याला ते पुन्हा घ्यायचं नाही. ऑगस्टपासून त्याला बोटीवर यायचंय. तुम्हाला सांगायचा त्याला धीर होत नाही, म्हणून काल रात्री त्याने मला सांगितलं. बाबा, तुम्ही रागावणार. आई, तू डोळ्याला पदर लावणार. तरी मी त्याच्या बाजूने बोलणार आहे.

बंदरावर चार माणसं बसली की एकच बोलणं चालतं, आताच्या पोरांना समुद्र नको. आपल्या बोटीवर सहापैकी चार खलाशी नेपाळचे, तेव्हा ते बोलणं खोटं म्हणता येत नाही. पण आपल्या घरातलं मी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्या पोराने समुद्र सोडला नाही, आपण त्याला सोडायला लावला. आठवीच्या सुट्टीत तो न सांगता बोटीवर चढला तेव्हा बाबा, तुम्ही त्याच्याशी आठवडाभर बोलला नाहीत. आई, तुझं तर ठरलेलंच होतं, 'मी डोक्यावर माशांची पाटी वाहिली, माझी सून वाहणार नाही.' तुम्ही मायेपोटी बोललात. त्याने त्यातून एवढंच घेतलं की आपल्या बापाचं काम कमी दर्जाचं आहे.

निसर्ग वादळ आठवा. २०२०ची ३ जून. बाबा, आदल्या संध्याकाळी तुम्ही आणि बारक्या अंजर्ल्याच्या खाडीत बोटीचे दोर वाढवायला गेला होतात, तो तेव्हा सोळाचा. दुसऱ्या दिवशी कौलं उडाली, माड आडवे झाले. वाट मोकळी झाल्यावर आपण खाडीवर गेलो तर शेजारच्या दोन बोटी एकमेकींवर चढलेल्या, आणि आपली एका दोरावर तग धरून उभी. तो दोर बारक्याने बांधला होता. काठावर घासून तुटू नये म्हणून त्याने टायरचा तुकडा कापून मध्ये घातला होता. तुम्ही त्या टायरवर हात ठेवून बराच वेळ उभे होतात. त्याला काही म्हणाला नाहीत. बाबा, त्या दिवशी तुम्ही बोलायला हवं होतं. तो अजून त्याची वाट बघतोय.

आता पैशाचं बोलते, कारण खरं दुखणं तिथे आहे. नेपाळच्या खलाशाला हंगामाआधी उचल मिळते, त्याचा हिशेब वहीत असतो. घरच्या पोराला काय मिळतं? लागतील तसे. बाविसाव्या वर्षी बापाकडे पेट्रोलला शंभर रुपये मागायचे, हे कुठल्याही पोराला नको होतं. त्याला काम नको असतं असं नाही. स्थळाकडून विचारतात, मुलगा काय करतो? 'वडलांबरोबर बोटीवर असतो' म्हटलं की समोरचे गप्प होतात. कंपनीतले चौदा हजार मात्र कागदावर दिसतात, म्हणून ते मोठे वाटतात, मग बारा तासांची पाळी का असेना.

तेव्हा माझं मागणं एकच. डिझेल, बर्फ, रेशन वजा जाऊन जे उरेल त्याचे वाटे पडतात, त्यातला एक वाटा बारक्याच्या नावावर लिहा. तोंडी नको, वहीत लिहा, आणि पैसे दर पंधरवड्याला त्याच्या बँकेत टाका. फेरी तोट्यात गेली तर तोटाही त्याच्या वाट्याला येऊ द्या. तो हे मान्य करून बसलाय, मी विचारलंय.

आणि तो फुकट वाटा मागत नाही. गेल्या दिवाळीत दोन खलाशी उचल घेऊन गावी गेले ते परतलेच नाहीत, बोट एकोणीस दिवस नांगरावर राहिली. त्या दिवसांत चार दिवसांची रजा टाकून इंजिन कोणी उघडलं? आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकलेला पोरगा घरात आहे आणि आपण बाहेरच्या मेकॅनिकची मजुरी भरतोय.

मासा कमी झालाय हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर २०१६पासून निर्बंध आहेत, एलईडीच्या उजेडातली मासेमारी केंद्राने २०१७मध्ये बंद केली, तरी रात्री समुद्रात ते दिवे तुम्हाला दिसतातच. आपल्या जाळ्यात येणार होतं ते म्हावरं त्या उजेडाकडे जातं. पण आपणही काही कमी केलेलं नाही. २०२३ला पापलेटला राज्यमासा केलं, त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला. पापलेटचा १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे वीतभरसुद्धा नाही, आणि त्याहून लहान पापलेटं मी आपल्याच लिलावात ढिगाने पाहिलीत. अंडी न घातलेला मासा विकून आपण बारक्याच्या पुढच्या दहा वर्षांची कमाई विकतो. आपल्या बोटीवर हे बंद व्हायला हवं, बाबा. तो आला तर तो बंद करेल, आणि तुम्ही त्याला अडवायचं नाही.

इथे प्रयोगशाळेत रोज माझ्यापुढे म्हाकलाचे, म्हणजे स्क्विडचे, ट्रे तपासायला येतात. वेळेवर बर्फ मिळालेलं म्हाकूल पांढरंशुभ्र असतं. उशीर झाला की कातडीचा रंग मांसात उतरतो, गुलाबी पडतं. तेवढ्या गुलाबी रंगावर दर्जा उतरतो आणि भाव पडतो. मग मला आपल्या हर्णै बंदरावरची संध्याकाळ आठवते. बोटीतून बैलगाडीत, गाडीतून वाळूवर, आणि लिलाव होईपर्यंत माल उघड्यावर. सगळ्यांचा माल तसाच, म्हणून कुणाला वावगं वाटत नाही. समुद्रात मासा वाढवणं आपल्या हातात नाही, आलेला मासा जपणं आहे. बर्फाच्या जाड पेट्यांसाठी मी साठवलेले पैसे देते. आईच्या नावाने अर्ज केला तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना ६० टक्क्यांपर्यंत मदत आहे, ते कागद मी बघते. २०२५च्या एप्रिलमध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. कर्जाला त्याचा किती उपयोग होतो ते बँकेत जाऊन विचारू.

आई, आता तुझ्याशी. फयान वादळाच्या वेळी, २००९च्या नोव्हेंबरात, तू दोन रात्री बंदरावर बसून होतीस आणि मी तुझ्या पदराला धरून. बाबा कुठे आहेत हे सांगणारं कोणी नव्हतं. ती भीती जाणार नाही आणि ती घालव असं मी म्हणणारही नाही. पण आता बोटीवर इस्रोचा ट्रान्सपॉन्डर आहे. मोबाइलची रेंज संपली तरी त्यावरून निरोप जातो आणि येतो. बारक्याला तो नीट चालवता येतो. पाच लाखांचा अपघात विमा आहे, त्यात त्याचं नाव घालायचं. आणि लाइफ जॅकेट अंगात घालायचं, नुसतं उशाला घ्यायचं नाही. हे त्याच्याकडून मी वदवून घेतलंय.

एक गोष्ट माझी. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात मी गेले ते समुद्रापासून लांब जायला नाही. लहानपणी तुम्ही अंगणात जाळं सांधत बसायचात, मी शेजारी, आणि तुम्ही विचारायचात, 'आज चतुर्थी, भरती कितीला?' तिथीची पाऊणपट करायची. चार पाऊण तीन. मी अजून मनातल्या मनात करते. बारा वर्षांची झाले आणि बोटीवर पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलंत. मुलीला काय हवंय हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. मी तेव्हा बोलले नाही, आता बोलतेय. निदान त्याला तरी विचारा.

पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचे दोन महिने हातात आहेत. सुवर्णदुर्गाचा बुरूज मागच्या डोंगराशी कसा जुळला की खाली खडक येतो, कुठल्या वाऱ्यात जाळं कुठे टाकायचं, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. जीपीएसमध्ये ते नाही. संध्याकाळी त्याला घेऊन बसा. मी वही आणतेय, सुट्टीभर मीच लिहून घेईन.

१ जूनला बंदी लागेल. रविवारी ३१ला पौर्णिमा आहे, बोट त्याच उधाणाला अंजर्ल्याच्या खाडीत घ्याल. पंधरा पाऊण सव्वाअकरा. मी शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते, म्हणजे सकाळी बंदरावर असेन. सुकाणू बारक्याकडे द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. मलाही बोटीत घ्या.

तुमची,
बाय