पात्रतेचा अंदाज लेखी मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी योजनांच्या याद्यांतून अपात्र लाभार्थी वगळल्याच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. पात्र असूनही अर्जच न करणाऱ्यांविषयी मात्र क्वचितच काही छापून येते. सोलापूरच्या पूर्व भागात नवरा यंत्रमागावर आणि बायको घरी विड्या वळणारी, अशी असंख्य कुटुंबे आहेत. आपल्याला काय काय मिळू शकेल याचा अंदाज या कुटुंबांना स्वतःहून बांधता येत नाही, आणि त्याचा दोष त्यांच्या शिक्षणाला देणे सोयीचे असले तरी खरे नाही.

प्रत्येक योजनेची उत्पन्नमर्यादा वेगळी आहे. अन्नसुरक्षा कायदा लागू होताना शहरी प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे या कायद्याखाली रेशनचे धान्य मिळणाऱ्या कुटुंबासाठी, वर्षाला 59,000 रुपयांची मर्यादा ठरली, म्हणजे महिन्याला जेमतेम 4,900 रुपये. दोघांची मजुरी प्रामाणिकपणे मांडली तर ती केव्हाच ओलांडली जाते, आणि पाच माणसांच्या घराचे दरमहाचे 25 किलो मोफत धान्य जाते. केशरी कार्ड एक लाखापर्यंत, 'लाडकी बहीण' अडीच लाखांपर्यंत. त्याच घरातील वृद्ध आईला श्रावणबाळ योजनेतून मदत हवी असेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत दाखवावे लागते. कमावत्या मुलाच्या घरात महिन्याला 1,750 रुपये उत्पन्न कसे असेल, हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असते.

त्यातही उत्पन्न म्हणजे नेमके कोणते? माग आठवडाभर बंद राहिला की पगार बुडतो. विड्यांची मजुरी हजारी दराने, म्हणजे हजार विड्यांमागे मिळते आणि त्यातून नापास झालेल्या विड्या वजा होतात. अशा घराचा वार्षिक आकडा कोणत्या आठवड्यावरून काढायचा, हे अर्जदाराला कोणी सांगत नाही, त्यामुळे दाखल्यावर योजनेला जुळेल तो आकडा येतो आणि खरा आकडा सांगणाराच रांगेबाहेर पडतो. कुटुंबाची व्याख्याही सगळीकडे सारखी नाही. रेशन कार्डावर दीर, जाऊ, सासू एकत्र असतात. 'लाडकी बहीण' योजनेत मात्र पती, पत्नी आणि अविवाहित मुले एवढेच कुटुंब धरले जाते. एकत्र चूल असलेल्या घराने हिशेब कसा करावा?

मर्यादा वाढवण्याची मागणी रास्तच आहे, पण ती मंजूर होईपर्यंत एक साधी सोय करता येईल. सेतू केंद्रात आणि महापालिकेच्या झोन कार्यालयांत माणसांची वये, कार्डाचा रंग आणि वर्षभरातील बऱ्या-वाईट आठवड्यांची मजुरी विचारून एक पानी लेखी अंदाज द्यावा. कोणत्या योजनांना अर्ज करता येईल, प्रत्येकीसाठी कोणते उत्पन्न आणि कोणते कुटुंब धरले आहे आणि मजुरी किती वाढली की कोणता लाभ थांबेल, हे त्यात असावे. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची, कारण हजारी दर वाढला म्हणून आनंद मानायचा की रेशनची काळजी करायची, हे आज कोणाला कळत नाही. हा कागद मराठीबरोबर तेलुगूतही हवा, हे तेलुगू बोलणारी अनेक घरे असलेल्या पूर्व भागाला वेगळे समजावून सांगायला नको.

राज्यात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे आणि त्याखाली अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत द्याव्या लागतात. असा अंदाज देणे ही त्यांपैकीच एक सेवा म्हणून अधिसूचित करावी आणि अंदाज चुकला म्हणून नंतर अर्जदाराकडून वसुली होणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहावे, अशी आपल्या पत्रामार्फत जिल्हा प्रशासनाला विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर