वाघ्याचे छायाचित्र

अंबाजोगाई,
दि. ८ डिसेंबर २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या कुत्र्याचे, वाघ्याचे छायाचित्र काल ओसरीतल्या भिंतीवर लागले. आधीचा मोती तेरा वर्षे या वाड्यात राहिला आणि गेला, तेव्हा घरात त्याचे एकही धड छायाचित्र नव्हते, ही माझी रुखरुख तुला ठाऊक आहे. कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स मी घेतली ती त्याचसाठी.

पहिले दोन महिने मात्र हाती काही लागले नाही. वाघ्या जातीने कारवानी, म्हणजे लांब तोंडाचा शिकारी कुत्रा, रंगाने काळाभोर; पण चौकट भरून त्याला टिपले की तो राखाडी दिसे. समोरचे दृश्य सरासरीने करड्या छटेचे आहे असे धरूनच कॅमेरा प्रकाश मोजतो, त्यामुळे काळ्या अंगावर तो गरजेपेक्षा जास्त प्रकाश घेतो, हे समजल्यावर मी एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा प्रकाश, एक पायरी खाली, निम्म्यावर आणले आणि त्याचा खरा रंग मिळाला. तुझी मांजर पांढरीशुभ्र आहे, तेव्हा तू नेमके उलटे करून पाहा.

डोळ्यांनी मला सर्वांत जास्त छळले. मागची भिंत पुसट यावी या मोहाने मी ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, १.८ वर, अगदी मोठे उघडे ठेवीत होतो. मीटरभर अंतरावरून तेव्हा जेमतेम तीन सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, आणि कारवानीचे तोंड तर किती लांब! नाक रेखीव आणि डोळे धुरकट, अशी कितीतरी छायाचित्रे पुसावी लागली. आता मी ५.६ वर, म्हणजे छिद्र लहान करून काढतो, फोकस जवळच्या डोळ्यावर धरतो आणि शटरचा वेग सेकंदाच्या २५०व्या भागाखाली जाऊ देत नाही. त्यापायी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १६०० झाला आणि थोडे कण दिसले तरी चालतात. फ्लॅश मी कटाक्षाने टाळतो. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्याने डोळे हिरवट चमकतात. शिवाय जनावर बिचकते ते वेगळेच.

चौकातून येणारा सकाळचा मऊ उजेड तोंडावर पडेल, असा तो चुन्याच्या भिंतीपाशी स्वतःहून पहुडतो, तीच त्याची जागा मी धरली. उभ्याने काढायचे सोडून शहाबादी फरशीवर पालथा पडलो, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आलो, आणि त्याच्या चेहऱ्यातला तो सावध शांतपणा मला प्रथमच दिसला. आईने आत भाकरीचा डबा वाजवला, त्याने कान टवकारले, तेवढा क्षण पुरला. हा आवाज दोन-तीनदाच कामी येतो. नंतर तो ढुंकूनही पाहत नाही. बळजबरीने धरून बसवलेल्या एकाही छायाचित्रात मला माझा वाघ्या सापडलेला नाही.

संक्रांतीला तू येशील तेव्हा मांजरीला पिशवीत घालून आणू नकोस. परक्या घरात ती कपाटाखालून बाहेर पडणार नाही. कॅमेरा घेऊन मीच तुझ्याकडे येईन. तोवर दुपारभर ती कोणत्या खिडकीत बसते, एवढे मात्र पाहून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र