पडलात तर कळवा

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

बाबा, तुम्ही फेब्रुवारीत न्हाणीत पडलात हे मला मे महिन्यात कळलं, आणि तेही तुमच्याकडून नाही. मावशीचा धाकटा फोनवर बोलता बोलता म्हणाला, 'आता काकांनी काठी सोडली', आणि मग त्याने जीभ चावली. तीन महिने दर रविवारी तुम्ही दोघं स्पीकर लावून माझ्याशी बोलत होतात. आईचं 'सगळा बरा आसा गो' चालू होतं आणि शेजारी तुम्ही पाय स्टुलावर ठेवून बसला होतात. फोनवर विचारलं की आई विषय फणसावर नेते, म्हणून कागदावर लिहितेय. इथल्या एक डॉक्टरीणबाई मुंबईला निघाल्यात, त्या पोस्टात टाकतील.

का लपवलंत तेही मला ठाऊक आहे. 'तिच्या सेवेत व्यत्यय नको.' हे असलं वाक्य निरोप समारंभात ठीक असतं, घरात नाही.

तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय की आपल्या चर्चच्या मंडळीतलं ते तरुण जोडपं मिशनच्या कामासाठी इथेच, केनियाच्या किनाऱ्यावर यायला निघालंय, त्यांच्यासाठी उपयोगाच्या चार गोष्टी लिही, उपदेश नको. मग पहिली गोष्ट हीच सांगा: विमानाचं तिकीट काढायच्या आधी दोन्हीकडच्या आईवडिलांना एका जागी बसवा आणि कोण आजारी पडलं तर कोणी, किती तासांत कळवायचं ते ठरवा. आपण हे ठरवलं नाही, त्याची फळं भोगतोय.

'क्रिस्तपुराण' लिहिणाऱ्या थॉमस स्टीफन्सची गोष्ट तुम्हीच मला शाळेत असताना सांगितली होती. 24 ऑक्टोबर 1579 ला ते गोव्यात उतरले आणि 10 नोव्हेंबरला लंडनच्या आपल्या वडिलांना पत्र लिहायला बसले. लिस्बनहून एप्रिलमध्ये सुटलेलं जहाज, वाटेतले वारे, मासे, पक्षी, खलाशांच्या सुजून कापाव्या लागणाऱ्या हिरड्या, असं सगळं त्यात आहे. पुढे मराठीत एवढं मोठं काम केलेला माणूस, पण बापाला लिहिताना हिरड्यांबद्दल लिहितो. 1619 मध्ये ते गोव्यातच वारले. वेंगुर्ल्याहून सकाळच्या एसटीने निघालं तर जेवणाच्या वेळेला पोचावं एवढ्यावर. मला तुमच्याकडून हिरड्यांचं पत्र हवंय.

दुसरं, भाषेचं. पहिलं वर्षभर 'कामाला' हात लावायचा नाही, फक्त शिकायचं. मंडळीला हे पटवणं अवघड जातं, कारण पैसे पाठवणाऱ्यांना बाप्तिस्म्यांचा आकडा हवा असतो. तिथे त्यांना जॉन विल्सन यांचं नाव सांगा. ज्यांच्या नावाचं कॉलेज चौपाटीसमोर उभं आहे ते विल्सनसाहेब 1829 मध्ये मुंबईला उतरले आणि बायकोसह हर्णैला जाऊन आधी मराठी शिकत बसले. आपल्या कोकणातच. त्या दोघांना चाललं, तर या दोघांनाही चालेल.

इथली भाषा स्वाहिली, ती तशी आपल्याला फार परकी नाही. पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी', साबणाला 'साबुनी', रंगाला 'रांगी'. शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत होती त्याची ही शिल्लक. पण याच ओळखीच्या शब्दांनी माणूस गाफील होतो. मी आले त्या दुसऱ्या महिन्यात एका घरी जेवायला बोलावलं होतं. मालकीणबाई चुलीशी, हातात फोडलेला नारळ. मला म्हणाल्या, 'म्बुझी' आण. म्बुझी म्हणजे बकरी, एवढं मला येत होतं. मी मोठ्या ऐटीत मागच्या अंगणात गेले, खुंट्याची दोरी सोडली आणि बकरी ओढत स्वयंपाकघराच्या दारात आणून उभी केली. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. नारळ खवायचं बैठं लाकडी स्टूल, पुढे दातेरी लोखंडी पातं, त्यालाही इथे म्बुझीच म्हणतात. आई, हुबेहूब आपला आडाळो गं, फक्त भाजी चिरायचं पातं नाही. मी त्यावर बसले आणि दोन नारळ खवून दिले. न सांडता, करवंटीचा काळा भाग न येऊ देता. त्या दिवसापासून मी त्या घरची. माझी स्वाहिली सुधारायला पुढे वर्ष लागलं, पण दार उघडलं ते तुझ्या आडाळ्याने.

घड्याळाचंही सांगून ठेवा. इथे दिवस सकाळी 6 ला सुरू होतो. 'साआ तातू' म्हणजे शब्दशः तीन वाजले, पण बस सुटते 9 ला. आणि मोठ्या माणसाला 'शिकामू' म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही. आपल्याकडे वाकून सलाम करण्यासारखंच ते.

किलिफीच्या आतल्या बाजूला मिजिकेंडा लोकांच्या 'काया' आहेत. काया म्हणजे आपली देवराई समजा. त्यांच्या जुन्या वस्त्यांभोवतीची राखलेली रानं, त्यांतली काही 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. आत जायचं तर वडीलधाऱ्यांना विचारून, ते सांगतील तसं. मी एकदा एका पाहुण्या उपदेशकाला तिथे मोठ्याने हसताना पाहिलं. त्यानंतर सहा महिने त्या वाडीतली एकही गरोदर बाई आमच्या दवाखान्यात आली नाही.

बाकी कागदपत्रं. परमिट धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी वेगळं असतं, ते संस्थेमार्फतच काढायचं. पर्यटक म्हणून शिरून काम करणं म्हणजे सगळ्यांनाच गोत्यात आणणं. पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान 10 दिवस आधी. तो पिवळा दाखला आता जन्मभर चालतो, पण हरवला तर परत येताना मुंबईत अडवून ठेवतील, तेव्हा पासपोर्टालाच जोडून ठेवायचा. औषध लावलेली मच्छरदाणी रोज, उकडलं तरी. आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. सुट्टीवर वेंगुर्ल्याला आल्यावर ताप आला तरी डॉक्टरांना आधी 'आफ्रिकेतून आलोय' हे सांगायचं.

त्यांची मुलगी चार वर्षांची आहे ना? मिशनऱ्यांच्या मुलांचं सगळे फार गोड बोलतात. वेंगुर्ल्याच्या मिशन हॉस्पिटलच्या गोहीन डॉक्टरांचा मुलगा रॉबर्ट 1919 मध्ये आपल्या गावात जन्मला, पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, 1977 मध्ये राजदूत होऊन भारतात परत आला. हे उदाहरण भाषणात हमखास येतं. पण 'तुझं गाव कुठलं' या प्रश्नावर गप्प होणारी मुलं मी इथे जास्त बघितलीत. घरात मालवणी बोलायला सांगा, आणि आजी-आजोबांनी फोनवर गोष्टी सांगायच्या, अभ्यास विचारायचा नाही.

मोंबासाजवळ न्यालीला रोझीन क्राफ यांचं थडगं आहे. मिशनरी नवऱ्याबरोबर, योहान क्राफ यांच्याबरोबर, 1844 मध्ये आल्या आणि त्याच वर्षी बाळंतपणात गेल्या, पाठोपाठ बाळही. नवीन आलेल्या सगळ्यांना तिथे नेऊन स्फूर्ती घ्यायला लावतात. मी सुईण. मला स्फूर्ती नाही आली, राग आला. राबईला गेले तेव्हा मात्र बरं वाटलं. गुलामीतून सुटलेली आफ्रिकन माणसं आपल्या नाशिकच्या शरणपूरच्या मिशन वसाहतीत शिकली आणि 1860 च्या दशकापासून इकडे येऊन योहान क्राफ यांनी राबईत सुरू केलेलं काम त्यांनी पुढे नेलं. म्हणजे या वाटेने नाशिकची माणसं माझ्याआधी दीडशे वर्षं येऊन गेलीत. कोणी मला 'पहिली' म्हणालं की मी हे सांगते.

आता माझं. तुम्हाला बोल लावतेय, पण मीही कमी नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यात मला मलेरिया झाला, चार दिवस सलाईनवर होते. तो बरा झाला, पण पुढचे दोन-अडीच महिने सकाळी उठावंसं वाटत नव्हतं. प्रार्थनेत शब्द येत नव्हते. त्याच दिवसांत मंडळीला पाठवलेल्या पत्रात मी लिहिलं, 'प्रभूच्या कृपेने सर्व कुशल.' शेवटी इथल्याच एका वयस्क नर्सने ओळखलं आणि नैरोबीला समुपदेशकाकडे पाठवलं. त्या जोडप्याला सांगा, मंडळीच्या पत्राखेरीज दोन-तीन माणसं अशी ठेवा, ज्यांना खरं लिहिता येईल. आणि सुट्टीवर आल्यावर पहिले पंधरा दिवस एकही सभा ठेवू नका. मागच्या खेपेला माझ्या सहा आठवड्यांत इतक्या सभा झाल्या की आईबरोबर बाजाराला एकदाच जाता आलं, तेही मासे संपल्यावर.

तुमच्यासाठी तीन कामं सांगते. न्हाणीतली गुळगुळीत फरशी काढून खरखरीत बसवा आणि भिंतीला धरायला दांडा लावा, पैसे पाठवलेत. बाबा, तुम्ही सत्तरी ओलांडलीत, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात. मावशीचा धाकटा मोबाईलवर काढून देईल, त्याची ती शिक्षा समजा. तिसरं, काही झालं तर त्याने मला कळवायचं, तुमची परवानगी न विचारता. हे मी त्याच्याशी ठरवून टाकलंय.

पावसाआधीची आगोटीची भरणी झाली का? घर शाकारून घेतलंत? इथे कुसी वारा सुटलाय, नारळ एका अंगाला झुकलेत. हाच वारा इथून अरबी समुद्रावर वळून पाऊस घेऊन तुमच्याकडे येतो, तेव्हा पत्राआधी तोच पोचेल. सोलं आणि तिरफळं त्या जोडप्याबरोबर पाठवा. सुका बांगडा नको, मागच्या वेळी विमानतळावर बॅग उघडायला लावली होती.

दांडा बसला की फोटो पाठवा. बाबा, पायाचाही. आई, मोजा काढून.

तुमची,
बाय